एका समुद्राचे दोन हिशेब: महाराष्ट्राची २०१९ची मासळी

२०२० साली, टाळेबंदीत धक्के ओस पडलेले असताना, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आदल्या वर्षीच्या सागरी मासळीचे अंदाज जाहीर केले. या संस्थेला किनाऱ्यावर सगळे सीएमएफआरआय म्हणूनच ओळखतात. महाराष्ट्रापुढचा आकडा होता २.०१ लाख टन. २०१८ मध्ये तो २.९५ लाख टन होता. म्हणजे एका वर्षात जवळजवळ तिसरा हिस्सा मासळी घटली होती आणि संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे हा ४५ वर्षांतला नीचांक होता. बातम्या झाल्या, मच्छीमार संघटनांनी निवेदने दिली, आणि ‘दर्या आटला’ हे वाक्य पुन्हा एकदा सगळीकडे फिरले.

त्याच सुमाराच्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या आकड्यांत मात्र दुसरीच गोष्ट दिसते. २०१८-१९ मध्ये सागरी उत्पादन ४.६७ लाख टन, २०१९-२० मध्ये ४.४३ लाख टन. घट जेमतेम पाच टक्के.

राज्य तेच, समुद्र तोच आणि बंदरेही तीच. एक सरकारी संस्था सांगते की तिसरा हिस्सा गेला. दुसरी सरकारी यंत्रणा सांगते की थोडे इकडेतिकडे झाले. एकीच्या मोजणीत जेवढी मासळी आहे, त्याच्या दुपटीहून जास्त दुसरीच्या मोजणीत आहे. समुद्राचे रक्षण आणि त्याचा जपून वापर याबाबतीत आपण कुठवर आलो हे मोजायचे, असे आपण गेली दहा वर्षे म्हणतो आहोत. ते मोजणे प्रत्यक्षात कसे चालते हे पाहायला या एका वर्षाइतके चांगले प्रकरण मला दुसरे सापडलेले नाही.

आधी सोपा खुलासा बाजूला काढू. सीएमएफआरआयचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि राज्याचे एप्रिल ते मार्च. त्यामुळे दोन्ही आकडे नेमके एकाच काळाचे नाहीत. पण नऊ महिने दोघांत सामाईक आहेत. उरलेल्या तीन महिन्यांच्या फरकातून २.४ लाख टन निघायचे असतील तर त्या तीन महिन्यांत अक्षरशः मासळीचा पाऊस पडायला हवा होता. तफावत मोजणीतच आहे.

धक्क्यावरचा माणूस आणि त्याची वही

मासे मोजतात कसे, हे मासे खाणाऱ्या बहुतेकांना माहीत नसते. सगळी मासळी कुणीच तोलत नाही. ते शक्यही नाही. २०१० च्या सागरी मत्स्य गणनेप्रमाणे महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि मासळी उतरवण्याची १५२ ठिकाणे होती. मुंबईचा ससून डॉक आणि रत्नागिरीचा मिरकरवाडा या मोठ्या बंदरांबरोबर त्या यादीत अशाही खाड्या आहेत जिथे दिवसाला चार होड्या लागतात. म्हणून सीएमएफआरआय नमुना घेते. पद्धत जुनी आणि घोटून तयार केलेली आहे. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी काढल्यासारखा निवडतात आणि तिथून पुढचे सलग सहा दिवस घेऊन दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या करतात. जोडीतल्या पहिल्या दिवशी संस्थेचा माणूस दुपारी बारा ते सहा धक्क्यावर असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा. मधल्या रात्रीत काय उतरले ते विचारून घेतो. पंधरापर्यंत होड्या आल्या तर सगळ्या पाहतो, जास्त आल्या तर त्यातल्या काही निवडतो. मग त्या होड्यांवरून त्या दिवसाचा, दिवसांवरून महिन्याचा आणि ठिकाणांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधला जातो.

मला ही पद्धत मनापासून आवडते. एकच माणूस, एक वही आणि गणित नीट असेल तर अख्ख्या किनाऱ्याचा अंदाज त्यातून उभा राहतो. पण तिचा जीव ज्या याद्यांवर आहे त्या नीट पाहायला हव्यात. कोणती ठिकाणे यादीत आहेत, कोणत्या ठिकाणी किती होड्या कामावर आहेत, आणि रात्री उतरलेल्या मालाबद्दल तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, किती खरे सांगतो, यावर सगळे उभे आहे. यादी जुनी झाली की गणित कितीही अचूक असले तरी उत्तर जुन्या किनाऱ्याचे येते.

राज्याच्या विभागाचे काम वेगळे आहे. परवाने, डिझेलवरच्या करात सवलत, सहकारी संस्था, बंदरातली कामे हे सगळे त्याच्याकडे असते. त्याची आकडेवारी जिल्हा कार्यालये आणि परवाना अधिकारी यांच्या यंत्रणेतून वर जाते. जी कचेरी मासळी वाढवण्यासाठी योजना राबवते तिनेच मासळी वाढली का हे सांगायचे, ही मांडणीच मला अडचणीची वाटते. इथे कुणावर आरोप करायचा हेतू नाही. शाळेने आपल्याच मुलांची परीक्षा घ्यावी तसेच हे आहे. मास्तर कितीही सचोटीचे असले तरी बाहेरचा परीक्षक लागतोच.

आणि बाहेरचा परीक्षक आहे. तो दरवर्षी निकाल लावतो. फक्त दोन्ही निकाल शेजारी ठेवून फरक कशामुळे आला हे सांगणारा तक्ता राज्याच्या आर्थिक पाहणीत दिला जात नाही.

वादळांचे वर्ष

आता २०१९ मध्ये झाले काय, ते पाहू. त्या वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली: वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. एका वर्षात पाच ही अरबी समुद्रासाठी विक्रमाची बरोबरी होती. जूनमधल्या वायूने महाराष्ट्राच्या मासेमारीचे फारसे नुकसान केले नसणार, कारण १ जून ते ३१ जुलै बंदीच असते आणि होड्या वर ओढलेल्या असतात. पण क्यार आले ऐन दिवाळीत आणि त्याच्या पाठोपाठ महा. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळून हंगाम भरात येण्याचे ते दिवस. होड्या बंदरात परत बोलावल्या गेल्या आणि हंगामातले चांगले दिवस किनाऱ्यावर बसून गेले. घसरणीच्या कारणांत सीएमएफआरआयनेही वादळांमुळे बुडालेल्या दिवसांकडे बोट दाखवले होते.

इथेच मोजणीचा मूळ प्रश्न उभा राहतो. धक्क्यावर उतरलेली मासळी कमी झाली म्हणून समुद्रातली मासळी कमी झाली असे म्हणता येत नाही. वीस दिवस समुद्रात न गेलेल्या होडीने वीस दिवसांचे मासे आणले नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुकान आठवडाभर बंद असेल तर गल्ला कमी येतो, त्यावरून गिऱ्हाईक तुटले असे आपण म्हणत नाही. समुद्रातल्या साठ्याबद्दल काही बोलायचे असेल तर एका होडीला, एका दिवसाला किंवा जाळे टाकल्याच्या एका तासाला किती मासे मिळाले हे पाहावे लागते. सीएमएफआरआय धक्क्यावर हे प्रयत्नाचे मोजमापही टिपते. पण बातमीत, विधानसभेतल्या उत्तरात आणि मदतीच्या अर्जात पोचतो तो फक्त एकूण टनांचा आकडा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. टन वाढले म्हणून समुद्र सुधारला असे नसते. होड्या मोठ्या झाल्या, इंजिने ताकदवान झाली, पाण्याखालचे थवे दाखवणारे फिश फाइंडर आले, एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणे सुरू झाले, तर साठा आटत असतानाही काही वर्षे टन वाढतच राहतात. आणि त्या टनांत काय आहे हेही पाहायला हवे. खाण्याजोगी पापलेट, सुरमई, घोळ किती आणि फिशमीलच्या, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या, कारखान्याकडे जाणारी बारीक पिल्ले किती? तराजूला दोन्ही सारखीच.

केरळमधल्या तारल्यांची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. २०१२ मध्ये केरळात तारल्या उतरल्या ३.९९ लाख टन. २०२१ मध्ये उतरल्या फक्त ३,२९७ टन. हा आकडा हजारांतलाच आहे, छपाईची चूक नाही. आणि २०२३ मध्ये पुन्हा १.३८ लाख टन. तारली पावसावर, पाण्याच्या तापमानावर, खालून वर येणाऱ्या थंड पाण्यावर असे हेलकावे खाते. २०२१ मध्ये मोजमाप करणाऱ्याने सगळा दोष मच्छीमारांवर टाकला असता, आणि २०२३ मध्ये सगळे श्रेय एखाद्या नियमाला दिले असते, तर दोन्ही वेळा तो चुकला असता.

नियम चालला तर आकडा कुठे जाईल?

महाराष्ट्रात या सगळ्याला आणखी एक पदर आहे. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने पर्ससीन मासेमारीचा, म्हणजे थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते खालून आवळण्याच्या पद्धतीचा, अभ्यास केला आणि तिच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत १८२ वर आणायचे आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवायचा. पारंपरिक मच्छीमारांची ही अनेक वर्षांची मागणी होती. रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे) आणि गिलनेटवाले (पाण्यात उभे जाळे लावणारे) म्हणत होते की पर्ससीन बांगड्या-तारल्यांचा अख्खा थवा एका फेऱ्यात घेरून नेते आणि आमच्या जाळ्यात उरतात ती शेपटे. पुढे २०२१ मध्ये १९८१ च्या मूळ सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंडही लाखांत गेले.

आता समजा हा आदेश खरोखर काटेकोर पाळला गेला. पहिली दोन-चार वर्षे उतरणाऱ्या मासळीचे काय होईल?

ती कमी होईल. व्हायलाच हवी. बांगडा आणि तारली मोठ्या प्रमाणात पकडणारी जाळी कमी केल्यावर धक्क्यावरचे टन घटणे हेच नियम लागू झाल्याचे पहिले लक्षण. म्हणजे संवर्धनाच्या वहीत जे यश लिहायचे, तेच उत्पादनाच्या वहीत अपयश म्हणून लिहिले जाते. आणि आपल्याकडे वही एकच आहे, उत्पादनाची. अर्थसंकल्पाच्या आधी येणाऱ्या पाहणीत मासळीचा आकडा गहू, ऊस, दूध यांच्या रांगेत बसतो आणि तिथे ‘वाढ’ हा एकच चांगला शब्द असतो. समुद्राला उसाच्या फडाच्या हिशेबाने मोजले की असेच होणार.

२०१९ ची घसरण त्या आदेशामुळे झाली असा माझा दावा नाही. वादळे समोर आहेत, आणि बेकायदा पर्ससीनच्या तक्रारी त्या वर्षीही थांबल्या नव्हत्या. मुद्दा एवढाच की वादळ, जास्त मासेमारी आणि नियमाची अंमलबजावणी या तीन अगदी वेगळ्या गोष्टींची खूण एकच येते, कमी टन. त्या खुणेवरून तिघांपैकी कोण हे ओळखता येत नसेल तर ते साधन या कामाचे नाही.

९१.१ टक्के निरोगी

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतले चौदावे समुद्राचे आहे. त्यात जास्त मासेमारी थांबवण्याचे जे लक्ष्य आहे त्याची मुदत २०२० होती आणि ती केव्हाच उलटली. तिथे टनांऐवजी साठे मोजतात: एखाद्या प्रदेशातल्या एखाद्या जातीचा साठा जैविकदृष्ट्या टिकणाऱ्या पातळीत आहे की नाही. जगासाठी अन्न व कृषी संघटनेचा आकडा १९७४ मध्ये ९० टक्के होता, २०२१ पर्यंत तो ६२.३ वर आला. मग २०२५ मध्ये संघटनेने पद्धत बदलली, २,५७० साठ्यांचा स्वतंत्र विचार केला, आणि आकडा आला ६४.५. जगातले मासे दोन टक्क्यांनी सुधारले असे यावरून कुणी म्हटले तर ऐकून घ्यावे आणि विषय बदलावा.

भारतासाठी सीएमएफआरआयने २०२२ मध्ये १३५ साठे तपासले आणि त्यातले ९१.१ टक्के निरोगी असल्याचे सांगितले. हा आकडा वाचून कोळीवाड्यातला माणूस हसतो. संस्थेत बसलेला माणूस त्याच्या हसण्यावर चिडतो. मला दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात. टक्केवारी साठ्यांच्या संख्येवर काढलेली आहे. तिच्यात मांदेलीचा साठा एक आणि पापलेटचाही एक. पण पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या कोळ्याच्या घरात पापलेट म्हणजे मुलांच्या शाळेची फी, होडीच्या कर्जाचा हप्ता आणि मुलीचे लग्न. शंभरातले एक्याण्णव साठे धडधाकट असले आणि उरलेल्या नवांत तुमचा मासा असला, तर तुमच्यासाठी समुद्र आजारीच आहे.

सातपाटीचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण मोजमापाचे एक चांगले साधन मला तिथे दिसते. तिथल्या मच्छीमार सहकारी संस्था पापलेट वजनाच्या प्रतवारीने घेतात, मोठ्याला वेगळा भाव, मध्यमला वेगळा, लहानाला वेगळा. वर्षानुवर्षे. भावासाठी ठेवलेल्या या वह्यांत मोठी प्रत एकूण मालाच्या किती हिस्सा होती आणि आज किती आहे, हे काढायला ना बोट लागते ना उपग्रह. मोठे मासे आधी संपतात, मग मध्यम. प्रतवारीतला हा सरकाव टनांच्या आकड्याच्या कितीतरी आधी बोलतो. चक्रीवादळाने दिवस बुडाले तरी या प्रमाणाला फारसा धक्का लागत नाही, कारण कमी दिवसांत आलेल्या मालातही मोठे-लहान हे प्रमाण समुद्रातलेच असते. मासेमारीतले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मोजमाप मी याला म्हणेन.

२०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवणारा आदेश निघाला. केरळनंतर असे करणारे महाराष्ट्र हे दुसरे राज्य. बोंबलासाठी १८० मिलिमीटर, पापलेटसाठी १३५. साडेतेरा सेंटिमीटर म्हणजे निम्म्या वितेहून जरासे जास्त. ही मर्यादा फार सैल आहे असे माझे मत आहे, पण मोजणाऱ्याच्या दृष्टीने आदेशाचे एक मोठे भले आहे: आता धक्क्यावर फूटपट्टी लावून हो किंवा नाही असे उत्तर देता येते. दर महिन्याला ठरावीक बंदरांत शंभर पापलेट मोजून त्यातली किती १३५ च्या खाली भरली, हे फळ्यावर खडूने लिहायला कितीसा खर्च येतो?

फूटपट्टीच लांब झाली तर

मोजणाऱ्याने स्वतःच्या पट्टीवरही नजर ठेवावी लागते. भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर हे आपण शाळेत घोकले. गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात तो ११,०९८.८१ किलोमीटर झाला. जमीन एक इंचही वाढलेली नाही. नकाशा मोठ्या प्रमाणाचा घेतला, वळणे-वाकणे जास्त धरली गेली. महाराष्ट्र ६५२.६ वरून ८७७.९७ वर गेला. पश्चिम बंगालचा किनारा तर सुंदरबनच्या खाड्यांमुळे १५७.५ वरून ७२१.०२ झाला. राज्याच्या कागदांत आपल्या किनाऱ्याची लांबी बरीच वर्षे ७२० किलोमीटर आहे, म्हणजे तिसराच आकडा. आता ‘दर किलोमीटर किनाऱ्यामागे इतकी मासळी’ किंवा ‘इतके टक्के किनारा संरक्षित’ अशी वाक्ये लिहिणाऱ्याने कोणता किनारा धरायचा?

देशाच्या समुद्राची मासेमारीची क्षमता, म्हणजे साठे टिकवून वर्षाला किती मासळी काढता येईल हा अंदाज, तोही असाच. २०११ च्या समितीने ती ४४.१ लाख टन धरली होती, २०१८ च्या समितीने ५३.१ लाख टन. एका बैठकीच्या खोलीत नऊ लाख टन मोकळी जागा तयार झाली. सीएमएफआरआयच्या हिशेबाने २०१९ मध्ये देशात उतरलेली मासळी ३५.६ लाख टन होती. जुन्या क्षमतेशी ताडली तर ८१ टक्के वापर, नव्या क्षमतेशी ताडली तर ६७ टक्के. जाळी तीच आणि मासे तेच, तरी तज्ज्ञांचा कागद बदलल्यावर आपण अचानक संयमी ठरतो.

हे सगळे निव्वळ आकडेमोडीचे कौतुक म्हणून सोडून दिले असते, पण पालघरच्या किनाऱ्यावर या आकड्यांना आता रोख किंमत आली आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. डहाणूपासून सातपाटीपर्यंतचा मच्छीमार म्हणतो की आमची मासेमारीची जागा जाणार. उद्या नुकसान झाले की नाही, किती झाले, यावर वाद होईल तेव्हा पहिला प्रश्न असेल: आधी किती होते? तिथे एका बाजूने एक सरकारी आकडा निघेल, दुसऱ्या बाजूने त्याच्या दुप्पट सरकारी आकडा, आणि दोन्ही खरे कागद असतील. भरपाई कोणत्या आकड्यावर ठरेल हे मग मोजणीवर उरणार नाही, कोणाचा वकील चांगला यावर जाईल.

त्याच दिवशी पालघरच्या त्याच व्यासपीठावरून देशातल्या एक लाख होड्यांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे होडीची जागा कळवणारी संपर्क-यंत्रे, बसवण्याची योजनाही जाहीर झाली. उद्देश सुरक्षिततेचा, वादळात होडीशी संपर्क राहावा म्हणून. पण कोणती होडी किती दिवस आणि कुठे समुद्रात होती हेही त्यातून कळू शकते. २०१९ च्या आकड्यात नेमकी हीच गोष्ट हरवलेली होती. मच्छीमारांना यात पाळत ठेवल्याची भीती वाटते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. होडीचे नाव-गाव झाकून फक्त दिवसांची बेरीज सीएमएफआरआयला दिली तर दोन्ही साधता येईल असे मला वाटते. तशी अट योजनेतच लिहून घेण्याची मागणी मच्छीमार संस्थांनी लावून धरावी.

२०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नवी सागरी मत्स्य गणना झाली, घरोघर जाऊन, या वेळी कागदाऐवजी मोबाइलवर. तिच्यातून गावांची, होड्यांची आणि उतरण्याच्या ठिकाणांची यादी नव्याने बनेल, आणि धक्क्यावरचा माणूस पुढचे अंदाज त्या यादीवर बांधेल. यादी बदलली की महाराष्ट्राचा आकडा वर किंवा खाली उडी मारेल. त्या वर्षीची बातमी छापण्याआधी पत्रकाराने सीएमएफआरआयच्या मुंबई केंद्राला एकच फोन करावा आणि विचारावे, जुन्या यादीवर हाच आकडा किती आला असता?